अ‍ॅलिगेटर फार्मचे कागद: अंड्यापासून एक्सपोर्टपर्यंत कुठला कागद कधी काढायचा आणि लोक नेमके कुठे चुकतात

मला महिन्यातून दोनतीन तरी मेसेज येतात, कधी ह्यूस्टनहून, कधी अटलांटाहून, कधी थेट कोल्हापूरहून, की ताई अ‍ॅलिगेटर फार्मचं लायसन्स कसं काढायचं. पुढचं वाक्य वाचलं की कळतं क्रम उलटा झालाय. शेड उभी आहे, जमीनमालकाशी अंड्यांचा सौदा तोंडी ठरलाय, टॅनरीवाल्याला, म्हणजे कातडी कमावणाऱ्याला, शब्द पण देऊन झालाय, आणि सरकारी अर्ज अजून कोराच आहे. मी लुईझियानात एका फार्मच्या ऑफिसात हीच कागदपत्रं सांभाळते, त्यामुळे प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा एकदाच सगळं क्रमाने लिहून टाकते.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. अ‍ॅलिगेटर (अमेरिकेतली एक मगरीची जात) आता संकटात नाही, १९८७ मध्ये त्याला धोक्याच्या यादीतून पूर्ण सावरलेला म्हणून बाहेर काढलं, पण त्याची कातडी दुसऱ्या खरोखर धोक्यात असलेल्या मगरींच्या कातडीसारखी दिसते म्हणून फेडरल कायद्यात "दिसायला सारखा" ह्या कारणाने तो अजून नोंदलेला आहे, आणि साइट्स, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये पण आहे. म्हणून सरकारला प्रत्येक कातडीचा जन्मदाखला लागतो. तुमच्याकडचं जनावर कितीही तगडं असलं तरी त्याच्या मागची कागदांची साखळी एका जागी तुटली की ते विकता येत नाही. कागद नेहमी जनावराच्या एक पाऊल पुढे पाहिजे.

## सुरू करायच्या आधी: तुम्ही कुठे बसलाय ते बघा

भारतात असाल तर इथेच थांबा. कृष्णेच्या काठाला सांगलीजवळ किंवा चिपळूणला वाशिष्ठीत जी मगर दिसते ती, खाऱ्या पाण्यातली मगर आणि घडियाल, तिन्ही वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची एक मध्ये आहेत. कातड्यासाठी पाळणं, अंडी उचलणं, विकणं, काहीच चालत नाही. यूट्यूबवर "मगरपालनातून लाखो कमवा" असे जे व्हिडिओ फिरतात ते थायलंड नाहीतर अमेरिकेतले असतात, आपल्याकडे तसं लायसन्सच नाही. आणि परदेशातून कच्ची किंवा कमावलेली सरपटणाऱ्या प्राण्यांची कातडी आणून धारावीत पर्स शिवू म्हणत असाल तर तेही नाही, जानेवारी २०१७ पासून ती आयात बंद आहे.

अमेरिकेत असाल तर आधी व्हिसा बघा. ई-२ हा गुंतवणूकदाराचा व्हिसा भारतीय पासपोर्टवर मिळत नाही, आणि एच-वन-बी वर असाल तर धंद्यात पैसे घालणं वेगळं आणि रोज फार्मवर उभं राहून काम करणं वेगळं. हे वकिलाकडून लेखी घ्या, मित्राच्या अनुभवावर जाऊ नका.

राज्य कुठलं? फ्लोरिडाचे नियम लुईझियानाला लागत नाहीत. फ्लोरिडात मासे व वन्यजीव आयोग लायसन्स देतो, तिथे फार्मिंगचं वेगळं, एजंटचं वेगळं, प्रोसेसरचं वेगळं, आणि कायद्यातली फी अनुक्रमे २५०, ५० आणि २५० डॉलर. लुईझियानात सगळं वन्यजीव आणि मत्स्य विभागाकडे. मी पुढे लुईझियानाबद्दलच लिहितेय कारण रोजचं काम तिथलं आहे, फ्लोरिडावाल्यांनी क्रम हाच धरा पण फॉर्म आणि आकडे तिथले घ्या.

## टप्पा १: शेडचा आराखडा, बांधकाम नाही

इथे "फार्म" म्हणजे तळं नाही. इन्शुलेशन केलेल्या, गरम ठेवलेल्या बंद शेड असतात, आत उथळ पाणी आणि थोडी कोरडी जागा. राज्याचे जागेचे नियम जनावराच्या लांबीवर आहेत: २४ इंचांपर्यंत दर जनावराला किमान १ चौरस फूट, २५ ते ४८ इंचांना ३ चौरस फूट, आणि ४८ च्या पुढे प्रत्येक ६ इंचांना आणखी १ चौरस फूट.

सगळ्यात महाग चूक इथेच होते. लोक पिल्लांच्या हिशोबाने बांधतात. समजा २००० पिल्लं, म्हणजे २००० चौरस फूट, बरोबर. पण गरम शेडमध्ये ती पटापट वाढतात, पहिल्या वर्षातच बहुतेक २४ इंचांच्या पुढे जातात, आणि त्या दिवसापासून त्याच २००० जनावरांना ६००० चौरस फूट लागतात. वर दुसऱ्या वर्षाची नवी पिल्लं येतात ती वेगळीच, जुनी अजून विकली गेलेली नसतात. म्हणून दोन वर्षांचे दोन गट एकत्र धरून कागदावर जागा काढा, मग अंड्यांचा आकडा ठरवा. उलटं करू नका.

ह्याच टप्प्यात सांडपाणी. शेडचं पाणी सारखं बदलावं लागतं, त्यात विष्ठा आणि खाद्याचे तुकडे असतात, ते सरळ ओढ्यात सोडता येत नाही. राज्याच्या पर्यावरण विभागाचं डिस्चार्ज परमिट लागतं, आणि पॅरिशचं, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचं, बांधकाम आणि जमीनवापराचं काय ते वेगळं. हे दोन्ही हातात येईपर्यंत कॉंक्रीट ओतू नका.

> तपासा: आराखड्यावर प्रत्येक कप्प्याचं क्षेत्रफळ लिहिलंय का? एकूण आकडा पुरत नाही, कारण इन्स्पेक्टर एकेक कप्पा मोजतो.

## टप्पा २: लायसन्सचा अर्ज आणि तपासणी

आता बांधा, आणि बांधून झालं की विभागाला तपासणीला बोलवा. ते जागा, गरम पाण्याची सोय, कुंपण, इन्क्युबेटर असं सगळं बघतात. इन्क्युबेटर अंडी येईपर्यंत बसवू असं म्हणणारे खूप भेटतात, तसं चालत नाही, अंडी ठेवायची जागा नाही तर अंड्यांचं परमिट कशाच्या जोरावर मागणार?

लायसन्स ज्या नावावर आहे त्याच नावाने पुढचा प्रत्येक कागद निघायला पाहिजे. एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, काढली असेल तर करार, परमिट, टॅग (कातडीला लावायचा नंबराचा पट्टा), एक्सपोर्ट सगळीकडे एलएलसीचंच नाव, तेच स्पेलिंग. आपल्याकडे नवऱ्याच्या नावावर एक, बायकोच्या नावावर दुसरं, असं घरातल्या घरात चालून जातं, इथे त्याने टॅगची साखळी तुटते.

> सावध: लायसन्स हातात यायच्या आधी एकही अंडं, पिल्लू किंवा जनावर ताब्यात घेऊ नका, "फक्त दोन दिवस सांभाळ" म्हणून पण नाही. कायद्यात ताबा म्हणजे ताबाच.

## टप्पा ३: जमीनमालकाचा करार आणि अंड्यांचं परमिट

लुईझियानातली किनारपट्टीची पाणथळ जमीन बहुतांश खाजगी मालकीची आहे, आणि घरटी तिथेच. म्हणजे तुम्ही जमीनमालकाशी करार करता, तो प्रति अंडं पैसे घेतो, आणि विभाग त्या जमिनीचा प्रकार आणि हेलिकॉप्टरने केलेली घरट्यांची मोजणी बघून किती उचलायची ते ठरवतो.

करारात ह्या गोष्टी नसतील तर सही करू नका:

- पैसे उचललेल्या प्रत्येक अंड्याचे, की फक्त चांगल्या निघालेल्यांचे? रिकामी आणि मेलेली अंडी बरीच निघू शकतात, भांडणं इथेच होतात.
- नंतर जनावरं परत सोडायचा खर्च आणि बोट कुणाची?
- जमिनीचं कायदेशीर वर्णन आणि नकाशा जोडलाय का? टॅक्सची पावती मालकाच्याच नावावर आहे का? वारसांमध्ये वाटणी न झालेली जमीन इथे पण असते, आणि एका भावाच्या सहीने काम भागत नाही.
- त्याच जमिनीवर दुसऱ्या फार्मचा करार चालू आहे का?

अर्ज हंगामाच्या बराच आधी गेला पाहिजे. माद्या साधारण जूनमध्ये अंडी घालतात, उचल जूनच्या शेवटापासून जुलैत होते, त्यामुळे मे महिन्यात करार शोधायला निघालेला माणूस त्या वर्षी बहुतेक रिकाम्या हाताने राहतो.

## टप्पा ४: अंडी उचलण्याचे दिवस

हेलिकॉप्टरवाला घरटी हेरतो, खुणेचे बांबू लावतो, मग एअरबोटीने टीम जाते. प्रत्येक टीमजवळ परमिटची प्रत ठेवा आणि परमिटवर विभागाला आधी कळवण्याची जी अट छापलेली असते ती शब्दाशब्दाने पाळा.

अंड्याचं एक शास्त्र आहे ते टीममधल्या नव्या पोराला पण माहीत पाहिजे. घरट्यात अंडं ज्या बाजूने वर होतं तीच बाजू शेवटपर्यंत वर राहिली पाहिजे. घातल्यावर थोड्याच वेळात गर्भ वरच्या कवचाला चिकटतो, नंतर अंडं उलटं झालं की तो मरतो. म्हणून उचलायच्या आधी मार्करने वर खूण करायची, मगच हात लावायचा, आणि घरट्यातल्याच गवतात ट्रेमध्ये ठेवायचं. मी स्वतः एकदा बघितलंय, एका नव्या टीमने पावसात घाई केली, खुणा पुसल्या गेल्या, आणि त्या ट्रेमधलं जवळजवळ काहीच जगलं नाही. फार वाईट वाटतं ते बघून, पैसे तर गेलेच पण पाणथळीतून उचललेली ती पिल्लं फुकट गेली.

एका घरट्यात सरासरी ३५ च्या आसपास अंडी असतात. प्रत्येक घरट्याची नोंद तिथल्या तिथे करा: तारीख, जागा, जमीनमालक, मोजलेली अंडी. संध्याकाळी ऑफिसात आठवून लिहिलेली नोंद दोनतीन जमिनी एकाच दिवशी झाल्या की हमखास मिसळते, आणि पुढे परत सोडायच्या वेळी कुठली जनावरं कुठल्या पाणथळीतली हेच सांगता येत नाही.

> तपासा: ट्रेवर जमिनीचं नाव आणि परमिट नंबर आहे का? एका ट्रेमध्ये दोन जमिनींची अंडी कधीच नको.

## टप्पा ५: इन्क्युबेटर आणि रजिस्टर

इन्क्युबेशन साधारण ६५ दिवसांचं, पिल्लं ऑगस्टच्या शेवटाला, सप्टेंबरमध्ये बाहेर येतात. तापमानावर पिल्लू नर की मादी ते ठरतं, ३० अंश सेल्सिअसच्या आसपास माद्या, ३३ च्या आसपास बहुतेक नर. नर लवकर वाढतात म्हणून काही जण तापमान एकाच बाजूला ताणतात. पण ह्यातलीच काही जनावरं परत पाणथळीत जाणार आहेत, तिथे माद्या पण लागतात, हा विचार मनात ठेवूनच काटा लावा.

रजिस्टरमध्ये चार आकडे सतत जुळले पाहिजेत: उचललेली अंडी, फुटलेली, मेलेली पिल्लं, जिवंत साठा. मेलेलं पिल्लू दिसलं की त्याच दिवशी लिहायचं. महिन्याच्या शेवटी अंदाजे आकडा टाकणारे भरपूर आहेत आणि तपासणीत पकडले जातात ते तेच, कारण इन्स्पेक्टर कप्प्यातली जनावरं मोजतो आणि तुमच्या रजिस्टरशी ताडून बघतो. आकडा कमी आला तर चोरीची विक्री झाली असं वाटतं, जास्त आला तर बाहेरून चोरून आणलेलं वाटतं. दोन्हीकडून तुम्हीच अडकता.

जिवंत पिल्लं किंवा अंडी दुसऱ्या फार्मला द्यायची असतील तर विभागाची आधी लेखी परवानगी. शेजारच्याकडे जागा शिल्लक आहे म्हणून ट्रकने पाठवून दिली आणि फॉर्म मागाहून, असं करू नका.

## टप्पा ६: परत सोडायची जनावरं

नवे लोक हा टप्पा विसरतात, आणि सगळी परवानगी तर ह्याच्यावरच उभी आहे. तुम्ही जंगली घरट्यातली अंडी उचललीत, तेव्हा ठराविक टक्के जनावरं, फुटल्यापासून दोन वर्षांच्या आत, ज्या पाणथळीतून अंडी आली तिथेच परत सोडायची. लांबी ३ ते ५ फुटांच्या दरम्यान लागते, म्हणजे मोठा पक्षी किंवा रॅकून त्याला सहज खाऊ शकणार नाही एवढी. टक्केवारी सुरुवातीच्या काळात चार फुटी जनावराच्या हिशोबाने १७ होती, नंतर टप्प्याटप्प्याने खूप खाली आणली. म्हणून कुठल्या जुन्या लेखातला आकडा धरू नका, तुमच्या परमिटवर जो लिहिलाय तोच. लहान सोडली तर संख्या वाढते आणि मोठी सोडली तर कमी होते, हे पण हिशोबात धरा.

विभागाची माणसं येतात, प्रत्येक जनावर मोजतात, नर-मादी बघतात, पायाच्या पडद्याला टॅग लावतात, शेपटीच्या खवल्याला खाच मारतात. सोडायचं काम उबदार महिन्यांतच होतं.

चुका दोन. पहिली, चांगली चांगली आधी विकून टाकायची आणि सोडायला उरलेली कमजोर ठेवायची. हे चूकच आहे, आणि लंगडी, आजारी जनावरं विभागाचे लोक बाजूला काढतात, मग तुम्हालाच संख्या भरायला धावपळ. दुसरी, सोडायची जनावरं वेगळ्या कप्प्यात न ठेवणं. माझा सल्ला, पिल्लं फुटली त्याच महिन्यात सोडायच्या जनावरांचा आकडा काढा, त्याच्यावर थोडी जास्तीची धरा आणि त्यांचा कप्पा जमिनीच्या नावाने वेगळाच करा.

> सावध: परत सोडायचा हिशोब पूर्ण नाही तर पुढच्या वर्षीचं अंड्यांचं परमिट अडकतं. बँकेला दाखवायच्या कागदात ही जनावरं "विक्रीचा साठा" म्हणून धरू नका.

## टप्पा ७: टॅग आणि कातडी

टॅग म्हणजे एकदाच बंद होणारा, परत न उघडणारा प्लॅस्टिकचा पट्टा. त्याच्यावर देशाचा कोड, राज्य, वर्ष, प्रजातीचा कोड एम-आय-एस आणि सिरीयल नंबर. शेपटीच्या टोकाकडच्या भागात कातडीतून आरपार घालून लॉक करतात. जनावर मारल्याबरोबर टॅग. दहा मारून मग दहा टॅग असं नाही.

टॅगच्या बाबतीत तीनच नियम, पण तिन्ही मोडलेले मी बघितलेत:

१. तुमचे टॅग तुमचेच. शेजाऱ्याला कमी पडले म्हणून उसने द्यायचे नाहीत.
२. तुटलेला टॅग फेकायचा नाही. तुकडे ठेवा, विभागाला कळवा, बदली टॅग घ्या.
३. उघडून परत लावलेला टॅग म्हणजे टॅग नसल्यासारखाच, आणि वर गुन्हा.

मारण्याची पद्धत पण नियमात आणि चांगल्या पद्धतींच्या मार्गदर्शिकेत दिलेली आहे, मेंदू तत्काळ निकामी झाला पाहिजे, नुसता मणका तोडून चालत नाही. शिकलेल्या माणसाशिवाय कुणाला हात लावू देऊ नका. जनावराला आपण वाढवलंय, त्याला शेवटी त्रास द्यायचा नाही.

कातडी काढल्यावर मीठ, गुंडाळी, थंड खोली, आणि लगेच यादी. फार्मच्या कातडीचा भाव पोटाच्या रुंदीवर, सेंटीमीटरमध्ये, म्हणून यादीत टॅग नंबर, रुंदी आणि ग्रेड एकाच ओळीत लिहा.

मांसाचं काय? मांस विकायचं तर ते वेगळं लायसन्स. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाच्या नियमात अ‍ॅलिगेटर "मासे" ह्या व्याख्येत येतो, म्हणजे सीफूडचा हॅसप प्लॅन, अन्न सुरक्षित ठेवायचा लेखी आराखडा, लागतो. चिकन-मटणाच्या नियमांचा अंदाज लावून कत्तलखोली बांधू नका.

## टप्पा ८: राज्याबाहेर आणि देशाबाहेर

कातडी राज्याबाहेर जायच्या आधी विभागाची तपासणी आणि शिपिंगचा फॉर्म. मग एक्सपोर्ट, तो असा, ह्याच क्रमाने:

पहिलं, फेडरल सरकारच्या फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसचं आयात-निर्यात लायसन्स. हे धंद्याचं, शिपमेंटचं नाही.

दुसरं, साइट्स एक्सपोर्ट परमिट, अ‍ॅलिगेटरसाठी फॉर्म ३-२००-२६. परमिट सहा महिने चालतं, त्यामुळे गिऱ्हाईक पक्कं झाल्यावर काढा, पण जहाजाची तारीख घ्यायच्या आधी. माल गेल्यावर मागच्या तारखेचं परमिट मिळेल ही आशा सोडा.

तिसरं, ठरलेल्या बंदरातूनच माल. न्यू ऑर्लिन्स, ह्यूस्टन, मायामी, अटलांटा ही त्या यादीत आहेत. जवळच्या छोट्या विमानतळावरून पाठवायला गेलात तर माल तिथेच थांबतो.

चौथं, डिक्लरेशन फॉर्म ३-१७७, आणि इन्स्पेक्टरला निदान ४८ तास आधी सूचना.

पाचवं, परमिटवर बंदरातल्या अधिकाऱ्याचा शिक्का. सही केलेलं पण शिक्का न मारलेलं परमिट घेऊन माल पलीकडे पोचला तर तिकडचं सरकार तो जप्त करू शकतं.

आमच्याकडे एकदा पॅकिंग लिस्टमध्ये एका टॅगचा एकच आकडा चुकला, ७ च्या जागी १, आणि पूर्ण खोका बंदरात अडकून पडला. तेव्हापासून आमचा नियम असा, एक जण कातडीवरचा नंबर मोठ्याने वाचतो, दुसरा यादीवर टिक करतो, मग जागा बदलून परत एकदा. कंटाळा येतो पण करा.

> सावध: राज्याचा नियम मोडून विकलेला माल राज्याबाहेर गेला की लेसी कायदा लागतो. ३५० डॉलरच्या वरची जाणूनबुजून केलेली विक्री असेल तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि २०,००० डॉलर दंडाची तरतूद त्यात आहे.

भारतात काही पाठवणाऱ्यांसाठी: तयार पर्स, बेल्ट, घड्याळाचा पट्टा ह्यांना टॅग लागत नाही पण साइट्स लागू राहतो. अमेरिकेच्या नियमात स्वतःच्या अंगावर किंवा बॅगेत नेलेल्या चार मगर-वस्तूंपर्यंत जी सवलत आहे ती कुरियरने पाठवलेल्या भेटीला लागू होत नाही, म्हणून दिवाळीला भावाला पुण्यात वॉलेट पोस्टाने पाठवू नका. आणि न्यू ऑर्लिन्सच्या दुकानांत मिळणारं वाळवलेलं छोटं अ‍ॅलिगेटरचं डोकं, ते तर नेऊच नका. जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली विमानतळावर एका कॅनडाच्या प्रवाशाला मगरीच्या पिल्लाच्या कवटीसकट पकडलं होतं. दुकानदाराची पावती म्हणजे परमिट नाही.

## टप्पा ९: वर्षाचा हिशोब

वर्ष संपलं की न वापरलेले टॅग मोजून विभागाला परत, वार्षिक अहवाल, लायसन्सचं नूतनीकरण. टॅगवर वर्ष छापलेलं असतं, ते पुढच्या वर्षी चालत नाहीत. घेतलेले टॅग बरोबर वापरलेले अधिक तुटलेले अधिक परत केलेले, हे समीकरण जुळल्याशिवाय फाइल बंद करू नका, आणि जुन्या फाइल्स फार्मवरच ठेवा, घरी नाही, कारण इन्स्पेक्टर येतो तो फार्मवर.

लायसन्सचं नाव, शेडचा आराखडा आणि जमीनमालकाच्या कराराचा मसुदा हे तिन्ही सोबत असतील तर मला मेसेज करताना तेवढं पाठवा, मग मी नीट बघून सांगू शकते.